सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी कशा जन्मतात आणि कुठे जातात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरडा, पाल, कासव, साप, मगर यांच्या मेंदूत आयुष्यभर नव्या चेतापेशी तयार होतात. या विषयावर मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे, आणि जे आहे त्यात जन्माबद्दलच बोलले जाते, प्रवासाबद्दल जवळजवळ काहीच नाही. माझ्या मते सारे मर्म त्या प्रवासात आहे. चेतापेशी जन्मली, पण योग्य थरापर्यंत पोहोचली नाही, तर मेंदूला तिचा काही उपयोग नसतो. म्हणून खालच्या उत्तरांत त्या वाटेवर जास्त वेळ घालवला आहे.

प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी तयार होत नाही, असे आम्ही शाळेत शिकलो. ते चुकीचे होते का?

हो, चुकीचे होते. मात्र पुस्तकांत ते अनेक दशके टिकून राहिले. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल हे आधुनिक मेंदूविज्ञानाचे जनक मानले जातात. १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी लिहिले की प्रौढ मेंदूतले मार्ग कायमचे ठरून गेलेले असतात. तिथे पेशी मरू शकतात, नव्याने उभ्या राहू शकत नाहीत. त्यांच्या शब्दाला एवढे वजन होते की विरुद्ध पुरावा मिळाला तरी लोक तो बाजूला ठेवत.

१९६२ मध्ये जोसेफ ऑल्टमन यांनी प्रौढ सस्तन प्राण्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होत असाव्यात, असा निष्कर्ष मांडला. १९६५ मध्ये गोपाल दास यांच्यासोबत त्यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधला, म्हणजे स्मृतीशी जोडलेल्या भागातला सविस्तर पुरावा दिला. १९६७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर किर्शे यांनी वेगवेगळ्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या मेंदूत जन्मानंतरही पेशी विभागत राहणारे पट्टे दाखवले. १९८३ मध्ये फर्नांडो नॉटेबॉम यांच्या प्रयोगशाळेने कॅनरी पक्ष्याच्या मेंदूतल्या, गाण्याशी जोडलेल्या भागातल्या नव्या चेतापेशी दाखवल्या. त्यानंतर कुठे मतप्रवाह वळला.

सरपटणाऱ्या प्राण्यांवरचे सर्वांत सातत्याचे काम स्पेनमधल्या वालेन्सिया विद्यापीठात झाले. कार्लोस लोपेझ-गार्सिया, होसे मानुएल गार्सिया-वेर्दुगो, एन्रिके फोंट ही त्यातली प्रमुख नावे. याच वालेन्सियात १८८० च्या दशकात काहाल शरीररचनाशास्त्र शिकवत होते, आणि त्यांचे भाऊ पेद्रो यांनीही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मेंदूचा अभ्यास केला.

मेंदूच्या कोणत्या भागांत हे घडते?

मुख्यतः पुढच्या मेंदूत. वास ओळखणारे दोन्ही कंद (मुख्य आणि दुय्यम), कॉर्टेक्सचे (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाचे) सगळे पट्टे, आत खोलवरचे सेप्टम व स्ट्रायाटम हे भाग, आणि पोकळीत फुगवट्यासारखा आलेला ‘डॉर्सल व्हेंट्रिक्युलर रिज’ या ठिकाणी नव्या चेतापेशी आढळल्या आहेत. सस्तन प्राण्यांशी तुलना केली की याचे महत्त्व कळते. उंदरात प्रौढ वयात हे काम प्रामुख्याने हिप्पोकॅम्पसचा छोटा भाग आणि वासाचा कंद या दोन जागांपुरते उरते. सरड्यात जवळजवळ सगळा पुढचा मेंदू त्यात सामील असतो.

यात सर्वाधिक अभ्यास झालेला भाग म्हणजे मीडियल कॉर्टेक्स, दोन्ही अर्धगोलांच्या आतल्या, एकमेकांकडच्या बाजूला असलेला पट्टा. त्यातल्या चेतापेशींच्या तंतूंत जस्त भरपूर असते. सस्तन प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या ‘डेंटेट जायरस’चे तंतूही तसेच. या आणि इतर साम्यांवरून दोन्ही भाग एकाच पूर्वजाकडून आलेले मानले जात होते. २०१८ मध्ये फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या गटाने दाढीवाला ड्रॅगन सरडा आणि कासव यांच्या मेंदूतल्या एकेका पेशीतली जनुकीय हालचाल तपासली, आणि सरड्याच्या हिप्पोकॅम्पसबद्दलचा हा अंदाज पक्का झाला.

नवी चेतापेशी नेमकी कुठे जन्मते?

मेंदूच्या आतल्या पोकळीच्या भिंतीवर. आपल्या मेंदूप्रमाणे सरड्याच्या मेंदूतही द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्या अस्तरात रेडियल ग्लिया नावाच्या पेशी बसलेल्या असतात. पेशीचा मुख्य भाग पोकळीला लागून, आणि तिथून निघालेला एक लांब, बारीक धागा थेट मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत. ही पेशी विभागते तेव्हा तिच्यापासून नवी, अपक्व चेतापेशी निघू शकते.

पोकळीचे सगळे अस्तर सारख्याच जोमाने काम करत नाही. भिंतीत जिथे खाचा आहेत, तिथे विभाजन जास्त दिसते. मीडियल कॉर्टेक्सला पुरवठा करणारी खाच त्याच्या अगदी खालीच असते, आणि त्यामुळेच हा भाग अभ्यासाला सोपा: जन्मस्थान आणि मुक्काम दोन्ही एकाच पातळ छेदात, सूक्ष्मदर्शकाखाली एकदम दिसतात.

तिथून ती पुढे कशी जाते?

यासाठी कॉर्टेक्सची रचना डोळ्यांसमोर आणावी लागेल. सरड्याचा कॉर्टेक्स तीन थरांचा असतो. बाहेरचा आणि आतला थर मुख्यतः तंतू व जोडण्यांचे, आणि त्यांच्या मधोमध चेतापेशींच्या मुख्य भागांची दाट रांग. पोकळीपाशी जन्मलेल्या पेशीला आतला तंतूंचा थर ओलांडून त्या मधल्या रांगेत जागा मिळवायची असते.

तिच्यासाठी वाट तयारच असते. ज्या रेडियल ग्लियापासून ती जन्मली, तिच्यासारख्याच पेशींचे लांब धागे भिंतीपासून पृष्ठभागापर्यंत ताणलेले असतात. विहिरीच्या तळातून दोर धरून वर यावे, तशी ही कोवळी पेशी त्या धाग्याला बिलगून बाहेरच्या दिशेने सरकते. या काळात तिचा आकार चातीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता असतो. पुढच्या टोकातून ती एक धागा काढते, तो वाटेची चाचपणी करतो, आणि मागून तिचे केंद्रक पुढे ओढले जाते. वाटेत तिला अजून शाखा फुटलेल्या नसतात, इतर पेशींशी जोडण्याही झालेल्या नसतात.

मधल्या रांगेत पोहोचल्यावर ती धागा सोडते, गोल होते, शाखा पसरते आणि शेवटी लांब अक्षतंतू, म्हणजे दूरच्या पेशींकडे संदेश नेणारा धागा, पाठवते. खुणा केलेल्या पेशींचा मागोवा घेतला तर त्या आधी अस्तरात, मग आतल्या थरात आणि नंतर पेशींच्या रांगेत सापडतात. हे अंतर पार करायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. पूर्ण पक्व व्हायला त्याहून जास्त.

रेडियल ग्लियाची ही दुहेरी भूमिका मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. तीच जन्म देते आणि तीच वाट दाखवते. बहुतेक सस्तन प्राण्यांत गर्भावस्थेत नेमके असेच घडते. पण पुढे त्यांच्या रेडियल ग्लियाचे रूपांतर ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधार देणाऱ्या पेशींत होते आणि ते लांब धागे बहुतांशी नाहीसे होतात. सरड्यांत ते मोठेपणीही शाबूत राहतात.

वासाच्या कंदाकडे जाणाऱ्या पेशींचा मार्गही असाच असतो का?

नाही. तिथे जन्मस्थान आणि मुक्काम यांत बरेच अंतर पडते. १९९७ मध्ये वालेन्सियाच्या गटाने लाल कानाच्या कासवात दाखवले की काही पेशी मागे, अर्धगोलातल्या पोकळीच्या भिंतीवर जन्मतात आणि भिंतीला समांतर, पुढच्या दिशेने प्रवास करत कंदात जाऊन बसतात. धाग्यावरून सरळ बाहेर जाणे हा एक प्रकार, आणि असे आडवे, दूरवर जाणे हा दुसरा. उंदरातही वासाच्या कंदाकडे जाणाऱ्या पेशी लांबचा आडवा प्रवास करतात, फक्त तिथे त्या एकमेकींना धरून साखळीने जातात.

हे सगळे कळते कसे? पेशी चालताना कोणी पाहिली आहे का?

या प्रयोगांत पेशी जिवंत मेंदूत चालताना दिसत नाही. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या छेदांवरून तिची वाट जुळवली जाते. पेशी विभागण्यापूर्वी आपला डीएनए दुप्पट करते आणि त्यासाठी थायमिडिन वापरते. किरणोत्सारी थायमिडिन, किंवा त्याच्यासारखे दिसणारे बीआरडीयू नावाचे रसायन टोचले, तर त्या काही तासांत विभागणाऱ्या पेशींवर कायमची खूण बसते. मग काही प्राण्यांचा मेंदू दुसऱ्या दिवशी, काहींचा आठवड्याने, काहींचा महिन्याने तपासतात. खूण अस्तरातून मधल्या थराकडे सरकलेली दिसते.

इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. बीआरडीयूची खूण एवढेच सांगते की पेशीने डीएनए तयार केला. ती पेशी ग्लिया (चेतापेशींना आधार देणारी पेशी) असू शकते, रक्तवाहिनीच्या अस्तरातली असू शकते, किंवा डीएनएची दुरुस्ती करणारी असू शकते. त्यामुळे त्याच पेशीत चेतापेशीची ओळख पटवणारी प्रथिनेही दाखवावी लागतात: कोवळ्या पेशीत डबलकॉर्टिन, पक्व पेशीत न्यूएन किंवा एचयू. ‘नव्या चेतापेशी सापडल्या’ अशी बातमी वाचली की ही दुसरी ओळख पटवली होती का, हे आधी पाहावे.

ऊन, थंडी, ऋतू यांचा परिणाम होतो का?

खूप होतो. या प्राण्यांच्या शरीराचे तापमान बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असते, त्यामुळे मेंदूतले हे कामही त्यापासून सुटत नाही. १९९७ मध्ये वालेन्सियाच्या गटाने पोडार्सिस हिस्पॅनिका या भिंतींवर राहणाऱ्या सरड्याला दिवसाची लांबी आणि तापमान बदलून ठेवले, आणि पेशींचे विभाजन व स्थलांतर दोन्ही तपासले. थंडीत दोन्ही मंदावतात. प्रवास रखडला तर जन्मलेल्या पेशी पोकळीजवळच थांबून राहतात. जन्म आणि प्रवास या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि निसर्ग त्या वेगवेगळ्या रोखू शकतो, हे यातून कळते.

कॅनरी बेटांपैकी टेनेरिफेवर राहणाऱ्या गॅलोशिया सरड्यांतही विभाजनाचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलताना आढळले. कॅनडातल्या मॅनिटोबात लाल पट्ट्याचा गार्टर साप हजारोंच्या संख्येने एकत्र शीतनिद्रा घेतो, वसंतात समागम करतो आणि मग उन्हाळी चराईच्या जागांकडे निघून जातो. रानातल्या या सापांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही मेंदूतल्या नव्या पेशींची संख्या आणि त्यांचे स्थलांतर ऋतूप्रमाणे बदललेले दिसले. प्रयोगशाळेत वर्षभर एकाच तापमानात ठेवलेल्या प्राण्यावरून सगळ्यांचे अनुमान काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

मेंदूला इजा झाली तर सरडा तो भाग पुन्हा उभा करतो, हे खरे आहे का?

मीडियल कॉर्टेक्सबद्दल हे खरे आहे. वालेन्सियात सरड्यांना ३-ॲसिटिलपिरिडिन नावाचे विष टोचले गेले. त्याने मीडियल कॉर्टेक्समधल्या बहुतेक चेतापेशी मरतात. शेजारचे पट्टे बऱ्यापैकी वाचतात. त्यानंतर खालच्या खाचेतल्या अस्तरात विभाजनाची मोठी लाट येते. नव्या पेशी त्याच धाग्यांवरून वर जातात आणि काही आठवड्यांत रिकामा झालेला थर पुन्हा भरू लागतो. मेलेल्या पेशींचा कचरा हटवण्यातही रेडियल ग्लियाचा हात असतो, असे याच गटाने १९९९ मध्ये दाखवले. म्हणजे जन्म, वाट आणि साफसफाई या तिन्ही कामांत ही एकच पेशी.

एक अट मात्र आहे: धागे शाबूत राहायला हवेत. हे विष चेतापेशींना मारते, रेडियल ग्लियाला बहुतांशी सोडून देते. डोक्याला बसलेला मार किंवा चिरलेली जखम वेगळी असते. तिथे वाटच तुटते. त्यामुळे ‘सरड्याचा मेंदू पुन्हा उगवतो’ असे सरसकट विधान करणे बरोबर नाही.

या नव्या पेशी खरोखर कामाला लागतात का, आणि कशासाठी?

पेशी जोडल्या जातात याचा पुरावा चांगला आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खुणा असलेल्या पेशींवर जोडण्या दिसतात. १९९० मध्ये लोपेझ-गार्सिया यांच्या गटाने प्रौढ सरड्यांत दाखवले की नव्याने बनलेल्या चेतापेशींचे अक्षतंतू वाढून कॉर्टेक्सच्या इतर पट्ट्यांपर्यंत पोहोचतात.

‘कशासाठी’ हा प्रश्न जास्त अवघड. मीडियल कॉर्टेक्स जागेच्या स्मृतीशी जोडलेला आहे. सेव्हिल विद्यापीठातल्या गटाने कासवांत हा भाग निकामी केल्यावर ठिकाण लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता बिघडली. उत्तर अमेरिकेतल्या उटा स्टॅन्सबुरियाना या सरड्यात काही नर स्वतःचा भूभाग राखतात, काही राखत नाहीत. २०१३ मध्ये या नरांना वेगवेगळ्या आकाराच्या आवारात ठेवून नव्या चेतापेशी मोजल्या गेल्या, तेव्हा भूभाग राखण्याची सवय आणि फिरायला मिळणारी जागा हे दोन्ही घटक एकमेकांत गुंतलेले आढळले. दिशा त्यातून नक्की दिसते. पण नव्या पेशी म्हणजे नवी आठवण, इतके सरळ समीकरण मांडायची घाई मी करणार नाही.

शिवाय साधे कारणही आहे. यांतले अनेक प्राणी जन्मानंतर बराच काळ वाढत राहतात. पोडार्सिस सरड्यात कॉर्टेक्सच्या काही पट्ट्यांतली चेतापेशींची एकूण संख्या जन्मानंतर वाढत जाते, असे १९८४ मध्येच नोंदवले गेले. त्यामुळे नव्या पेशींतल्या काही जुन्यांच्या जागी येतात, काही भर म्हणून येतात.

म्हणजे शरीर मोठे झाले की मेंदूत चेतापेशी वाढतातच?

असा नियम नाही. नाईल मगर आयुष्यभर वाढते आणि तिचा मेंदूही वाढतो. पण २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह दाखवले की ही वाढ होण्यासाठी चेतापेशी वाढल्याच पाहिजेत असे नाही. २०१८ मध्ये त्यांच्यातल्याच काहींनी मगरीच्या मेंदूतल्या नव्या पेशी कुठून कुठे जातात याचा नकाशा मांडला. नवनिर्मिती आहे, पण एकूण आकारवाढीचे सगळे श्रेय तिला देता येत नाही.

‘सरीसृप मेंदू’ म्हणजे आपल्यातला जुना, रागीट, विचार न करणारा भाग असे व्याख्यानांत सांगतात. त्याचा इथे काही संबंध?

काहीही नाही, आणि ती कल्पना सोडून द्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या पॉल मॅक्लीन यांनी मेंदूचे तीन थर मांडले, त्यात सर्वांत खालचा सरपटणाऱ्या प्राण्यांचा. मराठीतल्या प्रेरणादायी लेखांत ती मांडणी आजही जशीच्या तशी येते. तुलनात्मक मेंदूविज्ञानाने ती केव्हाच नाकारली आहे. आपला आणि त्यांचा वंश सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. त्यानंतर दोन्ही मेंदू आपापल्या वाटेने बदलले. त्यांनाही कॉर्टेक्स आहे, हिप्पोकॅम्पसशी नाते सांगणारा भाग आहे, जागेची स्मृती आहे. आपल्या डोक्यात कुठेही सरडा दडलेला नाही.

माणसात हे का होत नाही?

काही प्रमाणात होते, असे मानायला आधार आहे. १९९८ मध्ये, मृत्यूपूर्वी बीआरडीयू दिलेल्या कर्करोगाच्या रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये खुणा असलेल्या चेतापेशी सापडल्या. २०१३ मध्ये अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ चा आधार घेऊन स्वीडनमधल्या गटाने अंदाज दिला: प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशी. २०१८ मध्ये एका गटाने प्रौढांत अशा पेशी आढळत नाहीत असे लिहिले, आणि त्याच वर्षी दुसऱ्याने त्या म्हातारपणीही आढळतात असे. ऊती कशी जतन केली, यावरही निकाल बदलतो.

सरड्याशी फरक दिसतो तो व्याप्तीत आणि वाटेत. आपल्या मेंदूची भिंत जाड, अंतरे मोठी, आणि जन्मानंतर रेडियल ग्लियाचे धागे उरत नाहीत.

पालीची शेपटी पुन्हा येते, तसेच हे का?

नाही. नव्या शेपटीत मज्जारज्जूच्या जागी अस्तरपेशींची नळी वाढते, पण मूळ मज्जारज्जूसारखी चेतापेशींची भरगच्च रचना तिथे परत येत नाही. मेंदूतली नवनिर्मिती शेपटी तुटो वा न तुटो, चालूच असते.

घोरपडीचे किंवा सांड्याचे तेल, मांडूळ यांनी नसा जिवंत होतात, असे विक्रेते सांगतात. या संशोधनाचा त्याला आधार आहे का?

अजिबात नाही. सरड्याच्या मेंदूतली ही क्षमता त्याच्या जिवंत पेशींच्या रचनेत आहे. ती चरबीतून किंवा मांसातून दुसऱ्याच्या शरीरात जात नाही. घोरपड, सांडा आणि मांडूळ हे तिन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. पक्षाघात झालेल्या माणसाच्या घरच्यांची अगतिकता ओळखून कोणी अशी वस्तू विकत असेल, तर पैसे देऊ नका आणि वनविभागाला कळवा.

आपल्याकडच्या प्रजातींवर असे काम झाले आहे का? मला यात अभ्यास करायचा आहे.

सुरुवात करण्याजोगे बरेच आहे. घरातल्या पिवळ्या पालीच्या कॉर्टेक्समधल्या चेतापेशींचे आकार आणि प्रकार अलाहाबाद विद्यापीठात बारकाईने नोंदवले गेले आहेत. लेपर्ड गेको या पालीच्या मीडियल कॉर्टेक्समधली नवनिर्मिती २०१८ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाने दाखवली. तिचीच जवळची नातलग युब्लेफॅरिस फस्कस महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये राहते. बागेतल्या सरड्याच्या, म्हणजे कॅलोटिस व्हर्सिकलरच्या प्रजननचक्रावर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात सैदापूर आणि शानभाग यांनी वर्षानुवर्षे काम केले आहे.

युरोप-कॅनडातले निष्कर्ष कडक हिवाळ्याभोवती फिरतात. आपल्याकडे पाऊस वर्षाची चाल ठरवतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर सरड्याच्या मेंदूतल्या पेशींचा प्रवास बदलतो का, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे, आणि प्रजननाची पार्श्वभूमी धारवाडच्या कामातून मिळते. मात्र कुठल्याही पृष्ठवंशीय प्राण्यावर प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता लागते, आणि रानातला प्राणी पकडायचा तर वनविभागाची परवानगी. घरातल्या पालीवर स्वतःहून काही करून पाहू नका. प्राणिशास्त्रातली पदवी, ऊतींचे छेद आणि रंजन करण्याचा हात, आणि सरडे ओळखणारा एखादा मार्गदर्शक, एवढ्यावर पहिला प्रकल्प उभा राहू शकतो.